विमानं मोजणारी माणसं

'द डॉन पेट्रोल' या १९३० सालच्या बोलपटात ब्रँड नावाचा एक मेजर फ्रान्समधल्या हवाई तळाच्या कचेरीत टेबलाशी बसलेला असतो. पहाटे त्याने आपली पोरं विमानं देऊन आघाडीवर धाडलेली असतात. परतायची वेळ होते, लांबून घरघर ऐकू येते आणि तो कान देऊन मोजू लागतो. गेली होती त्यापेक्षा आकडा कमी भरतो. मग तो पुढचं काम करतो, म्हणजे वरून आणखी पोरं मागवून घेतो. विमानांवरच्या चित्रपटात पाहणाऱ्याच्या काळजात कळ उठते ती अशा ठिकाणी, आणि त्या ठिकाणाहून आभाळ दिसतसुद्धा नाही.

हे पुस्तक अशा चित्रपटांबद्दल आहे. 'विंग्ज' (१९२७) पासून 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' (१९३९) पर्यंतचा, साधारण एका तपाचा हा काळ. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती. मे १९२७ मध्ये लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला आणि जगाला उडण्याचं वेड लागलं. त्याच ऑगस्टमध्ये 'विंग्ज' न्यूयॉर्कला झळकला. मग वैमानिकांवरचे चित्रपट भराभर निघाले आणि त्यातले बहुतेक लोक विसरूनही गेले. जे थोडे टिकले ते का टिकले, याचं उत्तर अभ्यासक हवाई कसरतींमध्ये शोधतात. मला ते पटत नाही. कसरतींनी माणूस थक्क होतो. रडवतो तो जमिनीवरचा माणूस, जो धाडतो, वाट पाहतो आणि मोजतो. ही प्रस्तावना मी चंद्रपुरात बसून लिहितो आहे, आणि माझं हे मत इथेच, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पक्कं झालं.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, एटापल्ली-भामरागडच्या पट्ट्यात, विमान जवळून पाहिलेली माणसं थोडी. हेलिकॉप्टर मात्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. निवडणूक आली की मतदान पथकं यंत्रं घेऊन हेलिकॉप्टरने आत उतरतात. पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा अडलेल्या रुग्णाचा जीव त्याच्यावरच अवलंबून असतो. माओवाद्यांशी चकमक झाली की जखमी जवानाला नागपूरला न्यायलाही तेच येतं. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. दाट झाडीत यंत्राचा आवाज आधी येतो. यंत्र मागाहून दिसतं, पुष्कळदा दिसतही नाही. ज्यांच्या घरचा माणूस सी-६० या पोलीस कमांडो दलात आहे त्यांना तो आवाज कुठल्या दिशेने आला आणि कुठे गेला, एवढ्यावरून रात्र काढावी लागते. अशा घरांना ब्रँड मेजरची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही.

हे मत पक्कं होण्याचं दुसरं कारण म्हणजे आमचं नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान कापून घरात आला, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते, आणि तिथपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. नाट्यमंडळांच्या कचेऱ्या तिथे, तारखा तिथे ठरतात, नागपूर-मुंबईचे कलावंतही तिथूनच गावोगाव जातात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ही जुनी जोडी. लेकी-जावई, पाव्हणे घरी येतात, पोरांच्या सोयरिकी जुळतात आणि रात्री सगळं गाव अंगावर चादर घेऊन मांडवात बसतं. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पहाटेच्या सुमारास पडतो. ऑर्गन, तबला, गाणी, एक विनोदी पात्र, एक खलपुरुष, आणि मधे कुठेतरी असा प्रवेश, की बायाच काय, बापे माणसंही पदराआड-उपरण्याआड न लपता रडतात. सकाळी विहिरीवर विचारावं, "कसा झाला गा नाटक?" तर उत्तर येतं, "लय रडवला!" इथे ही शाबासकी आहे. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'माझं कुंकू मीच पुसलं' हे नाटक नुसत्या नावानेच मांडवातल्या बायांना पुढे सरकून बसायला लावतं.

पुण्या-मुंबईच्या समीक्षेने या नाटकाला भडक म्हटलं. हॉलिवूडच्या या चित्रपटांनाही पुढच्या काळात तेच ऐकावं लागलं. एकाच मुलीवर प्रेम करणारे दोन मित्र, मरताना मिठीत घेणं, आईपुढे हात जोडून उभा राहिलेला पोरगा, हे सगळं जुनाट आणि रडकं ठरवण्यात आलं. पण भावना मोठ्याने सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही. रात्रभर गारठ्यात बसलेल्या माणसाला कुजबुजून काही सांगता येत नाही. मूकपटात तर बोलायला आवाजच नव्हता. चेहरा, हात आणि एखादी वस्तू एवढ्यांवरच सगळी गोष्ट पेलायची होती. झाडीपट्टीत वाढलेल्या डोळ्याला 'विंग्ज' म्हणूनच परका वाटत नाही. यातला विनोदी शिपाईसुद्धा (एल ब्रेंडेलने केलेला) अगदी आपल्या ठरलेल्या जागी येतो, हसवून जातो, आणि त्यानंतरचं दुःख दुप्पट लागतं. आमचे नाटककार ही वाटणी शाळेत शिकत नाहीत. वेलमनही कुठे शिकला नव्हता.

विल्यम वेलमन हा 'विंग्ज'चा दिग्दर्शक. महायुद्धात तो फ्रेंचांच्या बाजूने लढाऊ विमान चालवत होता आणि फ्रान्सचं 'क्र्वा द गेर' हे शौर्यपदक त्याला मिळालं होतं. पॅरामाउंटने एवढा खर्चिक चित्रपट तिशीच्या या पोराच्या हाती सोपवला, कारण आभाळातली लढाई स्वतः लढलेला दुसरा दिग्दर्शक त्यांच्याकडे नव्हता. टेक्सासात सॅन अँटोनियोला चित्रीकरण झालं, अमेरिकी सैन्याने हजारो शिपाई आणि विमानं दिली. आणि वेलमन ढगांसाठी अडून बसला. कंपनीची माणसं चिडली, पैसा पाण्यासारखा चालला होता, आणि हा म्हणे आभाळ निळं आहे तोवर कॅमेरा चालणार नाही. त्याचं बरोबर होतं. मोकळ्या आभाळात विमान जागच्या जागी टांगल्यासारखं दिसतं. मागे ढग असला तरच त्याचा वेग कळतो आणि ते पडतं तेव्हा किती खोल पडतं तेही कळतं.

नटांना त्याने खरोखर वर पाठवलं. रिचर्ड आर्लेन युद्धकाळात कॅनडात उडायला शिकला होता. चार्ल्स रॉजर्स या चित्रपटासाठी शिकला. विमानाच्या पुढच्या भागावर मोटारीवर चालणारा कॅमेरा बसवलेला असे, तो नटाने स्वतः सुरू करायचा आणि समोर बघून अभिनय करायचा. त्या चेहऱ्यांवर वारा खरा आहे, भीतीही बरीचशी खरी आहे. डिक ग्रेस या कसरतपटूने विमान मुद्दाम आदळण्याचा एक प्रसंग केला, त्यात त्याची मान मोडली. तो वाचला.

तरीही 'विंग्ज'मध्ये मला सगळ्यांत मोठा वाटतो तो प्रसंग तंबूत घडतो आणि त्यात विमान दिसत नाही. जॅक आणि डेव्हिड हे दोघे नायक प्रशिक्षण तळावर नुकतेच आले आहेत. त्यांच्या तंबूत कॅडेट व्हाइट नावाचा एक उंच, देखणा पोरगा आधीपासून राहतो आहे. ते काम करणाऱ्या नटाचं नाव गॅरी कूपर, आणि तेव्हा ते कुणाला ठाऊकही नव्हतं. तो नव्या पोरांना चॉकलेट देऊ करतो. त्यांनी नको म्हटल्यावर स्वतः एक घास तोडतो आणि उरलेली वडी खाटेवर टाकतो. नशीब, ताईत यांवर आपला विश्वास नाही, वेळ आली की माणूस जातो, असं सांगून हसत बाहेर पडतो. जेवणाआधी विमानाची एक फेरी मारायची असते. काही क्षणांत तो मेलेला असतो. शत्रू नाही, लढाई नाही, सरावातला अपघात. मग कुणीतरी त्याचं सामान गोळा करायला तंबूत येतो. खाटेवर ती अर्धी खाल्लेली वडी तशीच पडलेली. जॅक आणि डेव्हिड तिच्याकडे बघतात.

कूपर पडद्यावर दोन-तीन मिनिटंच असतो, पण या प्रसंगाने तो नट म्हणून उभा राहिला. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे. मृत्यू दाखवलेला नाही, म्हणून तो परिणाम करतो असं लोक म्हणतात. मला त्याहून पुढचं दिसतं. दोन पोरांना तिथे पहिल्यांदा कळतं की आपणही कुणाच्या तरी मोजणीत आहोत. जेवणाच्या पंगतीत एक ताट कमी लागणार आहे आणि तळावरचं बाकी सगळं वेळेवर चालू राहणार आहे. यापुढची सगळी लढाई, पेटणारी विमानं, फुटणारे बलून, आपण या जाणिवेसह पाहतो.

शेवट तर सरळ आपल्या मांडवातला आहे. डेव्हिड शत्रूच्या हद्दीत पडतो, जर्मन विमान चोरून परत निघतो, आणि मित्राच्या सूडाने पेटलेला जॅक त्याला जर्मन समजून पाडतो. मिठीत मित्राचा जीव जातो. चित्रपट इथे थांबत नाही, हे त्याचं मोठेपण. जॅक गावी परततो, मिरवणूक निघते, फुलं उधळतात, आणि हा पोरगा डेव्हिडच्या घरी त्याच्या आईबापांसमोर जाऊन उभा राहतो. डेव्हिडचं लहानपणचं अस्वलाचं खेळणं त्याच्याकडे आहे. त्या आईला त्याला माफ करावं लागतं. कसं करते, ते पडद्यावरच बघावं. १६ मे १९२९ रोजी ऑस्करचा पहिला समारंभ झाला तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक 'विंग्ज'ला मिळालं. ते हवाई लढाईसाठी दिलं असं सगळीकडे लिहिलं जातं. त्या बैठकीच्या खोलीतल्या आईचा त्यात वाटा नव्हता असं मी मानत नाही.

'विंग्ज'ची मूळ गोष्ट लिहिणारा जॉन माँक सॉन्डर्स. युद्धात तो फ्लोरिडात वैमानिकांना शिकवत होता. फ्रान्सला जाण्यासाठी तो तडफडला, पण त्याला पाठवलं गेलं नाही. त्याने तयार केलेले गेले. हा सल त्याने जन्मभर लिहून काढला. 'द डॉन पेट्रोल'ची गोष्टही त्याचीच आणि तिला ऑस्कर मिळालं, 'द लास्ट फ्लाइट' त्याचाच, 'द ईगल अँड द हॉक'ही त्याचाच. १९४० साली त्याने स्वतःचा जीव घेतला. मागे राहिलेल्याची बाजू या चित्रपटांत इतकी खोल का उतरली, हे मला सॉन्डर्सच्या आयुष्यावरून कळतं. आकाशातल्या शूरांच्या या गोष्टी जमिनीवर ठेवल्या गेलेल्या माणसाने लिहिल्या आहेत.

'द डॉन पेट्रोल'मध्ये कोर्टनी आणि स्कॉट हे दोन अनुभवी वैमानिक मेजर ब्रँडला खुनी समजतात, कारण तो धड उडताही न येणारी कोवळी पोरं मरायला पाठवतो. मग ब्रँडची बदली होते आणि त्याच्या खुर्चीत कोर्टनी बसतो. आता पाठवायचं त्याने. नवी भरती येते, तिच्यात स्कॉटचा धाकटा भाऊ असतो. कोर्टनी त्याला पाठवतो, कारण दुसरा इलाज नसतो, आणि तो परत येत नाही. रिचर्ड बार्थेलमेसने हा कोर्टनी फार संयमाने केला आहे. १९३८ मध्ये हीच गोष्ट एरॉल फ्लिनला घेऊन पुन्हा काढली आणि त्यात विमानांची दृश्यं जुन्याच चित्रपटातली वापरली. वरचं आभाळ उसनं घेऊन चाललं. नवं घडवावं लागलं ते खालच्या खोलीतलं.

या विमानांबद्दल एक गोष्ट वाचकाला ठाऊक असली पाहिजे. ती लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली असत आणि ते कापड ज्या रोगणाने घट्ट करत ते भक्कन पेट घेई. पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अंगाशी. ब्रिटिशांनी आपल्या विमानदळाला पॅराशूट दिलं नव्हतं. बलूनमधल्या निरीक्षकांना मिळे, विमान चालवणाऱ्याला नाही. पडद्यावर पेटलेलं विमान गिरक्या घेत खाली येतं तेव्हा आतल्या माणसापुढे काय काय उरलं होतं, हे त्या काळच्या प्रेक्षकाला माहीत होतं. आपल्याला ते समजून घ्यावं लागतं.

आणि हे चित्रपट करणारी माणसं खरोखर मेलीही. २ ऑगस्ट १९२० च्या रात्री ऑर्मर लॉकलियर 'द स्कायवेमन'साठी अंधारात विमान गरगरवत खाली आणत होता. खालून प्रखर झोत सोडलेले होते. तो जमिनीजवळ आला की ते बंद करायचे, ती त्याची खूण होती. झोत बंद झाले नाहीत. लॉकलियर आणि त्याचा साथीदार मिल्टन इलियट दोघेही गेले, आणि ते चित्रीकरण चित्रपटात वापरलं गेलं. हॉवर्ड ह्यूजच्या 'हेल्स एंजल्स'नेही माणसं घेतली. त्यांतला एक मेकॅनिक, गिरक्या घेत कोसळणाऱ्या बॉम्बर विमानातून तो बाहेर पडू शकला नाही. २ जानेवारी १९३० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर चित्रीकरण करणारी दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि दहा माणसं गेली. त्यांत दिग्दर्शक केनेथ हॉक्स होता, हॉवर्ड हॉक्सचा सख्खा भाऊ. त्याच वर्षी हॉवर्डने 'द डॉन पेट्रोल' पुरा केला. धाकट्या भावाला पाठवण्याचा तो प्रसंग त्याने कसा घेतला असेल, याचा मला विचारसुद्धा करवत नाही.

'हेल्स एंजल्स'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझा जीव त्यात रमत नाही. १९२७ मध्ये मूकपट म्हणून सुरू झाला, बोलपट आले म्हणून पुन्हा केला, नायिका बदलून जीन हार्लो आणली, पैसा अफाट ओतला. त्यातली झेपेलिनची रात्र मात्र कुणी चुकवू नये. लंडनवर आलेलं ते अवाढव्य जर्मन हवाईजहाज हलकं करायचं म्हणून आतले खलाशी हुकमाप्रमाणे एकामागून एक अंधारात उडी टाकतात. शत्रूच्या माणसांचं मरण इतक्या आदराने दाखवणारी दुसरी जागा त्या काळच्या युद्धपटांत मला आठवत नाही. बाकी चित्रपटात जमिनीवर कुणी वाट पाहणारं नाही, म्हणून आभाळ पोकळ वाटतं.

या सगळ्या पटांत एक माणूस दिसत नाही आणि त्याचं नाव इथे घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदळात लढाऊ वैमानिक झालेले भारतीय मोजके. त्यांत इंद्रलाल रॉय, हरदित मलिक, एरॉल सेन आणि हा वेलिणकर. रॉयने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला तो एकोणिसाव्या वर्षी गेला. सेन जर्मनांच्या कैदेत पडला. मलिक जगला आणि स्वतंत्र भारताचा राजदूत झाला. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत होता. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर असे. नजर चहूकडे फिरे, पण विमान उलटलं तर मान तिथेच. जून १९१८ च्या अखेरीस तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. बेपत्ता, एवढीच नोंद. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती लागला होता आणि तिथेच त्याने प्राण सोडला. त्याची कबर फ्रान्समध्ये आंगार गावच्या दफनभूमीत आहे. मुंबईतल्या त्या घराने बेपत्ता या शब्दावर किती दिवस काढले असतील! सॉन्डर्सला किंवा हॉक्सला हे नाव कळलं असतं तर त्यांनी त्याचं काही केलं असतं का, सांगता येत नाही. त्यांच्या चित्रपटांत आघाडीवर उडणारे सगळे गोरे आहेत, हा त्यांचा मोठा उणेपणा आहे आणि या पुस्तकाने तो झाकलेला नाही. पण ब्रँडच्या मोजणीत न भरलेली विमानं मी जेव्हा ऐकतो, तेव्हा त्यांतलं एक मला वेलिणकरचं असतं.

युद्ध नसलं तरी ही गोष्ट चालते, हे डाकेच्या वैमानिकांवरच्या पटांनी दाखवलं. सेंत-एक्झुपेरीच्या कादंबरीवरून १९३३ मध्ये 'नाइट फ्लाइट' निघाला. त्यात हेलन हेज रात्री नवऱ्यासाठी जेवणाचं टेबल मांडून बसते आणि तो वादळात चुकलेला असतो. आणि मग हॉक्सचा 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'. दक्षिण अमेरिकेतलं बरांका हे काल्पनिक बंदर, मागे डोंगर, धुकं, मोडकळीला आलेली विमानं. जो नावाचा पोरगा एका मुलीबरोबर जेवायचं म्हणून धुक्यात विमान उतरवायला जातो आणि मरतो. त्याने मागवलेलं मांस टेबलावर येतं. त्याचा वरिष्ठ जेफ, म्हणजे कॅरी ग्रँट, ते पुढे ओढून खाऊ लागतो, आणि जो कोण, असं विचारतो. ती मुलगी, परगावची, हादरते. तिला ते क्रूर वाटतं, पाहणाऱ्यालाही वाटतं. चित्रपट संपेपर्यंत तिला आणि आपल्याला कळतं की यांनी रडायची परवानगी स्वतःला दिली तर दुसऱ्या सकाळी कुणी उडणार नाही. शेवटी जेफचा सगळ्यांत जुना मित्र किड जातो, तेव्हा जेफच्या डोळ्यांत पाणी असतं आणि ते तिने पाहिलेलं असतं. बस, तेवढंच. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हा संयम नवा आहे, तरी तो त्याला पुरता कळतो. घरातला कर्ता पुरुष तिसऱ्या दिवशी बांधावर कामाला उभा राहतो, ते त्याने पाहिलेलं असतं.

आणि बरांका आपल्याला लांब नाही. १९४९ च्या जानेवारीत आपल्याकडे रात्रीची हवाई डाक सुरू झाली, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून डाकोटा विमानं रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. देशाची पत्रं विदर्भाच्या काळोखात हात बदलत होती. नागपूर-मद्रास अशी सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती चंद्रपूर जिल्ह्यावरून जाते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेलं विमान नागपूरहून उडाल्यावर लगेच कोसळलं. १४ जणांपैकी १३ गेले, कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. वाचला तो एकटा, विमान चालवणारा. हॉक्सच्या 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'मध्येही असा एक माणूस आहे, रिचर्ड बार्थेलमेसने केलेला. मेकॅनिकला विमानात सोडून उडी मारल्याचा डाग त्याच्यावर आहे आणि त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. नागपूरच्या अपघाताची गोष्ट तशी मुळीच नव्हती, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण वाचलेल्या वैमानिकाच्या मनावर कसलं ओझं येऊन पडत असेल, हे समजून घ्यायचं तर त्या चित्रपटाइतका आधार मला कुठल्या अहवालात सापडला नाही.

आपल्या मराठीत या प्रकारचं जवळजवळ काहीच झालं नाही, याची मला खंत आहे. रात्रीच्या डाकेवर चित्रपट नाही, वेलिणकरवर नाटक नाही. विमानं परवडत नाहीत हे कारण पुढे केलं जाईल, पण हे पुस्तक वाचून ते कुणाला पटू नये. 'द डॉन पेट्रोल'चं अर्धं बळ एका खोलीत आहे. एक टेबल, एक टेलिफोन, वैमानिकांची नावं लिहिलेला फळा, पलीकडे दारूचा गुत्ता जिथे पोरं मेलेल्यांच्या नावाने पेले उंचावून गातात. आभाळ पडद्यामागे, नुसत्या आवाजात. झाडीपट्टीच्या मंचावर हे सगळं मावतं. गाण्यांना जागा आहे, विनोदी पात्राला जागा आहे (तळावरचा स्वयंपाकी त्याने करावा, आणि शेवटच्या अंकात त्यालाच ताटं कमी मांडावी लागावीत). फ्रान्स नको असेल तर जंगलातलं पोलीस मदत केंद्र घ्यावं, टेलिफोनच्या जागी वायरलेस. मात्र तसं करणाऱ्या लेखकाला फक्त वर्दीतल्या पोरांची मोजणी करून भागणार नाही. जंगलात नाहीशी झालेली, घरच्यांनी ज्यांची वाट पाहणं सोडलेलं नाही अशी पोरं दुसऱ्या बाजूलाही आहेत, आणि दोन्हीकडच्या आया एकाच बाजाराला येतात.

वडशाच्या एखाद्या मंडळाने हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'द डॉन पेट्रोल' आधी पाहावा, 'विंग्ज' त्यानंतर. 'विंग्ज'ची प्रत पॅरामाउंटने २०१२ मध्ये नव्याने दुरुस्त केली, तीच मिळवावी, आणि संगीत बंद करून पाहू नये. मग कागद घ्यावा. पहिल्या अंकाचा पडदा कुठे पाडायचा ते हॉक्सने ठरवून ठेवलंच आहे: ब्रँड खुर्चीवरून उठतो, बदलीचा हुकूम कोर्टनीच्या हातात देतो, आणि ज्याने त्याला सगळ्यांत जास्त शिव्या घातल्या तो त्याच खुर्चीत बसून पुढच्या सकाळची यादी लिहायला घेतो.